हँडलच्या बाहेरचे सहा इंच

नवऱ्याला मी समोर अहो-जाहो करते. इथं लिहिताना ते जमणार नाही. ज्या माणसानं सहा वर्षं मला मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसवून जालना रोडवरच्या एकेका टेम्पोला घासून नेलं, त्याला कागदावर तरी मी ‘तो’च म्हणणार.

आम्ही राहायला पदमपुऱ्यात आणि दोघांची नोकरी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत. कंपन्या वेगळ्या, पण वेळ एकच, सकाळी साडेआठ. गेटवर कार्ड पंच करायचं. महिन्यात चौथ्यांदा उशीर झाला की साहेबासमोर उभं राहून लेखी खुलासा द्यायचा. त्या खुलाशाची त्याला भारी दहशत. एवढी दहशत असलेल्या माणसानं घरातून वेळेवर निघावं की नाही? पण नाही. दुसरा चहा, मग पेपरातलं शेवटचं पान, मग बुटाला पालिश. मी पर्स खांद्याला आणि दोघांचे डबे हातात घेऊन दारात ताटकळत उभी. निघायला आठ वाजून पाच मिनिटं व्हायचीच. उशीर घरात करायचा आणि तो रस्त्यावर भरून काढायचा, असा त्याचा शिरस्ता होता. भरून काढताना मागं बसलेली बाई कुणाची आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसायचं.

जालना रोड म्हणजे पूर्व-पश्चिम सरळ पट्टा. सकाळी कामाला जाताना ऊन समोरून, संध्याकाळी परत येताना पुन्हा समोरूनच. अख्खं शहर दोन्ही वेळेला कपाळाला आठ्या घालून गाडी चालवतं. तेव्हा मोंढा नाक्याला उड्डाणपूल नव्हता. क्रांती चौकापासून जी गर्दी सुरू व्हायची ती थेट मुकुंदवाडीपर्यंत. शहर बस, काळी-पिवळी जीप, रिक्षा, वाळूचे टेम्पो, आणि या सगळ्यांच्या मधल्या फटींतून पाझरत जाणाऱ्या आम्हां कामगारांच्या मोटारसायकली.

त्या फटींचेही कायदे होते. ज्याचं पुढचं चाक आधी घुसलं, फट त्याची. सिग्नलला मागं थांबणारा माणूस बावळट. थांबलेल्या गाड्यांच्या मधून पुढं जायचं, झेब्रा पट्ट्यांच्याही पुढं, आणि एक पाय दुभाजकावर ठेवून दिवा हिरवा व्हायच्या आधीच निघायचं. बस अंगावर यायला लागली की तिच्या पत्र्यावर थापटी मारायची. कारच्या आरशाला हँडल लागलं तर मागं वळून बघायचं नाही, कारण वळून बघितलं की भांडण होतं आणि भांडणात वेळ जातो. स्वतःच्या गाडीचे आरसे तर त्यानं गाडी घेतल्याच्या दुसऱ्याच महिन्यात काढून माळ्यावर टाकले होते. आरशांमुळं गाडी रुंद होते म्हणे. त्याच्या कंपनीच्या स्टँडवर शंभर गाड्या लागत असतील, त्यांतल्या आरसेवाल्या शोधाव्या लागायच्या.

आणि सगळ्यांत मोठा कायदा एकच होता. हँडल निघालं की गाडी निघाली. हे वाक्य तो इतक्या खात्रीनं म्हणायचा की ऐकणाऱ्याला वाटावं याला कुठं शिकवलंय. फट दिसली की हँडलची दोन टोकं बघायची. ती मावली की मागचं सगळं आपोआप मावतं. एकट्या माणसाच्या बाबतीत हे खरंही असेल. पण मागं मी होते, आणि मी एका अंगाला बसलेली होते.

एका अंगाला बसणं हा आमच्या घरचा नियम. सासरचे मूळचे देवगाव रंगारीकडचे. घरात फ्रिज आला, मोटारसायकल आली, सून कंपनीत कामाला जायला लागली, या सगळ्याला सासूबाईंनी हरकत घेतली नाही. पण बाईनं गाडीवर दोन्हीकडं पाय टाकून बसणं त्यांना सोसवायचं नाही. मी साडी सोडून पंजाबी ड्रेस घालायला लागले तेव्हा एकदा विचारून बघितलं होतं.

“आत्याबाई, आता ड्रेसवर पुरुषासारखं बसलं तर चालंल का?”

“गल्लीतून तशी जाशील? लोकं काय म्हनतील, बाई? एका अंगाला बसायला काय दुखतं तुला?”

मला वाटलं, गल्ली ओलांडली की बसते मी हवी तशी. तर हाच म्हणाला, “कंपनीतले लोकं बघत्यात. कामून नसता तमाशा.” म्हणजे गल्लीत आईची लाज आणि रस्त्यावर त्याची.

एका अंगाला बसलेल्या बाईला रस्ता दिसत नाही. तिचं तोंड कायम डावीकडं. मला सहा वर्षांत जालना रोडवर काय दिसलं असं कुणी विचारलं तर मी सांगेन, बसची मागची चाकं, आणि टेम्पोच्या फाळक्यांच्या लोखंडी कड्या. शेजारच्या मोटारसायकलवरची बाईही तशीच डावीकडं तोंड करून, त्यामुळं मला तिची पाठ दिसायची आणि माझी पाठ आणखी कुणाला. सिग्नलला तर गाड्या इतक्या दाटीवाटीनं उभ्या राहायच्या की माझे गुडघे पलीकडच्या नवऱ्याच्या मांडीला लागायचे. तो अंग चोरायचा, मी अंग चोरायचे, आणि आमचा हा खुशाल पुढच्या फटीचा अंदाज घेत असायचा.

पुरुषाची मांडी मोटारसायकलच्या टाकीला चिकटलेली असते. बाईचे गुडघे बाहेर निघालेले असतात. एवढी साधी गोष्ट. माझी नोकरी तपासणी खात्यातली. दिवसभर हातात व्हर्निअर घेऊन रबराच्या रिंगा मोजायच्या, केसभर फरक निघाला तरी रिंग लाल डब्यात टाकायची. अशा बाईनं किती दिवस गप्प बसावं? एका रविवारी मी गाडी अंगणात स्टँडवर लावून घेतली, टेप आणली, आणि मधल्या रेघेपासून डावीकडचं हँडलचं टोक मोजलं. चौदा इंच. मग मागं एका अंगाला बसले आणि त्यालाच म्हटलं, मोजा. त्यानं कटकट करत मोजलं. वीस इंच.

“सहा इंच बाहेर हाय मी,” मी म्हणाले. “तुमचं हँडल निघतं तवा माझे गुडघे निघत नायीत.”

त्यानं टेप गुंडाळली. “मग आवळून बसत जा जरा. लई ऐसपैस बसती तू.”

सासूबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मला इतका राग आला की दुपारी मी जेवले नाही, आणि जेवले नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. चिडचीड फुकट गेली.

त्यानंतर मी ओरडायला लागले. फट अरुंद दिसली की मागून ओरडायचे, “नाय मावत!” तो म्हणायचा, “कामून वरडू राहिली? माझं ध्यान जातं.” मी म्हणायचे, मग मला उतरवा. तो म्हणायचा, उतर. पण थांबवायचा नाही. उतरवल्यावर मी पोचणार कशी, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. एक-दोनदा खरचटलं, सलवार फाटली. तो प्रत्येक वेळी हेच म्हणायचा, “मला मागचं काय दिसतं का? तू ध्यान द्यायचं.” म्हणजे गाडी त्यानं घुसवायची आणि ध्यान मी द्यायचं. गर्दीत दुसरा इलाजच नाही, सगळेच असे जातात, हेही होतंच. सगळेच जात होते हे खरं आहे. म्हणून तर मी जास्त बोलू शकत नव्हते.

मग ती सकाळ. सिडको बसस्टँडच्या पुढं एक फरशांचा टेम्पो आणि एक पांढरी कार शेजारीशेजारी अडकलेले. मध्ये फट. समोरच्या दोन मोटारसायकली त्यातून निघून गेल्या, एकेकट्या पोरांच्या होत्या त्या. यानं ऊन चुकवायला डोळ्यांवर हात धरला, हँडलची टोकं बघितली आणि गाडी घातली. मी “नाय मावत” म्हणेपर्यंत आम्ही मध्ये होतो. टेम्पोवाल्यानं तेवढ्यात गाडी हातभर पुढं काढली. माझ्या उजव्या गुडघ्यावर फाळक्याची कडी बसली. आवाज झाला तो मला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. मी त्याच्या पाठीवर दोन्ही हातांनी मारलं.

त्याला वाटलं मी नेहमीसारखी भांडतेय. तो तसाच चिकलठाण्यापर्यंत गेला.

माझ्या कंपनीच्या गेटला मी उतरले आणि खालीच बसले. तो घड्याळ बघत होता. वॉचमन पळत आला, त्यानं मला धरून आत खुर्चीवर बसवलं. हा मात्र गेटबाहेरूनच म्हणाला, “मी कार्ड पंच करून येतो.” आणि खरंच पंच करून आला. अर्ध्या तासानं. तोवर माझा गुडघा सलवारीत मावेना झाला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? मी तोंड उघडायच्या आत हा बोलला, “न्हाणीत पाय घसरला.”

डॉक्टरांनी सलवारीवरचा काळा डाग बघितला. “तुमच्या न्हाणीत ग्रीस असतं का?” त्यांनी विचारलं. हा हसला. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी काहीच बोलले नाही. का बोलले नाही हे मी स्वतःला खूपदा विचारलंय. कळ होती, घाबरले होते, नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायची सवय नव्हती. यातलं एकही कारण आज मला पटत नाही. त्या गप्प बसण्याचा राग मला त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त येतो. डॉक्टरांनी कागदावर लिहून टाकलं, घरात पडून. गुडघ्याच्या वाटीला चीर गेली होती. सहा आठवडे प्लास्टर.

बाहेर रिक्षात बसल्यावर तो म्हणाला, “खरं सांगितलं असतं तर पोलिसाचं लचांड मागं लागलं असतं. कुणालाच काय बोलू नको.”

घरी आल्यावर त्यानं आईलाही तेच सांगितलं. घरातली बाई घरातल्या न्हाणीत पडली नाही हे घरातल्या माणसांना कळू नये? सकाळी मी चांगली दोन पायांवर चालत गाडीवर बसून गेले होते. सासूबाईंनी मला ओट्यावरून बघितलं होतं. मग तो म्हणाला, कंपनीतल्या न्हाणीत. आता ती न्हाणी आमच्या घरातून कंपनीत गेली, एवढाच काय तो फरक. सासूबाई “अगं माय” म्हणाल्या आणि हळद गरम करायला गेल्या.

मग सहा आठवडे मी पलंगावर आणि लोक मला उपदेश करायला खुर्चीवर. शेजारीण आली, तिनं ओल्या फरशीवर कसं चालायचं ते चालून दाखवलं. नणंद येऊन गेली, जाताना रबरी चपला देऊन गेली. चुलतसासरे गावाकडून आले. “लई घाई करता तुम्ही बाया,” ते मला म्हणाले, “हळू चालत जावं.” तो शेजारीच उभा होता. त्यानं मान डोलावली! हळू चालत जावं, हा सल्ला त्याच्या समोर मला मिळत होता, आणि तो होकार देत होता. त्या क्षणी माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी त्याच्या डोक्यात घातला नाही, एवढं पुण्य माझ्या नावावर आहे.

लोक गेल्यावर मी त्याला म्हणायचे, “तुम्ही एकदा तरी म्हना, माझ्यामुळं लागलं म्हनून. लोकांत नको, मलाच म्हना.”

“मुद्दाम केलं का मी?”

“मुद्दाम केलं असं कोन म्हनतंय?”

“मग झालं तर. मला मागचं दिसत नाय. टेम्पोवाल्यानं गाडी काढली. मी काय करू?”

मला दुसरं काहीच नको होतं. प्लास्टर कधीतरी निघणारच होतं. मांडी घालून बसता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते, तेही मी सोसलं असतं. पण लागलं ते कुणामुळं, हे एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून निघत नव्हतं, आणि त्या वाक्यावाचून मला त्याच्या ताटात भाकरी वाढवत नव्हती. वाढत होते, पण आपटून.

प्लास्टर निघाल्यावर कामावर जायच्या पहिल्या दिवशी त्यानं गाडी दारात आणून उभी केली, किक मारली आणि सीटवर हात आपटून मला खूण केली. बस, असं. मी लंगडत त्याच्या शेजारून गेले आणि थेट क्रांती चौकात जाऊन शहर बसमध्ये चढले. सात वीसची बस. त्यासाठी मला पहाटे पाचला उठावं लागायचं, आणि उभं राहून गुडघा सुजायचा. तरी मी बसनंच जायला लागले. तो चारचौघांत सांगायचा, “बाईसाहेबांना आता मोटारसायकल चालत नाय.” लोक हसायचे.

दीडेक महिन्यानं सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. दवाखाना सिडकोत, ऑपरेशनला सकाळी लवकर बोलावलेलं. त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा वेळेच्या आधी तयार झाला. मी माझ्या बसला निघाले तेव्हा तो गाडीचं सीट फडक्यानं पुसत होता.

बस आकाशवाणीजवळ अडकली. मी उजव्या बाजूच्या खिडकीत. सवयीनं खाली बघितलं, तर बसला लागून मोटारसायकली नेहमीप्रमाणं सरकत पुढं जात होत्या. आणि त्यांच्या मागं, एका भाजीच्या टेम्पोच्या मागोमाग, हा. एकदम सरळ, टेम्पोच्या मागं, चांगली हातभर जागा सोडून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभा. मागं सासूबाई एका अंगाला बसलेल्या, पदर डोक्यावरून, एक हात त्याच्या खांद्यावर. त्यांचं तोंड थेट माझ्याकडंच होतं, पण त्यांना मी दिसत नव्हते.

टेम्पोच्या आणि आमच्या बसच्या मध्ये फट होती. कडी बसली त्या दिवशीच्या फटीपेक्षा चांगली रुंद. मी वरून बघत होते, आणि आयुष्यभर मापं घेतलेल्या बाईची नजर चुकत नाही. तो ती फट बघतही होता. बघून डोकं फिरवत होता. टेम्पो दोन हात पुढं गेला की हाही दोन हात पुढं जायचा, पायानं गाडी ढकलत, एकदा तर मागं हात नेऊन त्यानं आईच्या गुडघ्यांवरची साडी सारखी केली. मागं हॉर्न वाजायला लागले. एक जण हँडल वाकडं करून याच्या शेजारी आला आणि खेकसला, “चलो ना मियाँ, बारात में आए क्या?”

याचा आवाज मला खिडकीतून स्वच्छ ऐकू आला.

“आई बैठी है पीछे! दिखता नै क्या?”

बस सुटली. मी वळून बघत राहिले, तो टेम्पोच्या मागंच होता. शेजारच्या बाईनं मला विचारलं, “ताई, गुडघा दुखतोय का?” मी रडत होते, म्हणून तिनं विचारलं असावं. मी व्हय म्हणाले.

संध्याकाळी घरी गेले तर ओट्यावर शेजारणी जमलेल्या. सासूबाईंच्या डोळ्याला हिरवी पट्टी, आणि त्या कौतुकानं सांगत होत्या, “लेकानं मला अशी जपून नेली, पोटातलं पानी हललं नाय.” तो खांबाला टेकून चहा पीत होता. शेजारणीनं मला जागा दिली आणि सवयीनं म्हणाली, “तू बी जपत जा गं आता, पुन्हा कुठं घसरू नको.”

“मी घसरले नव्हते,” मी म्हणाले. “आत्याबाई, मी न्हाणीत पडलेच नाय. ह्यांनी टेम्पोच्या फटीत गाडी घातली, तवा माझा गुडघा फाळक्याच्या कडीवर आपटला. मी मागून मारत होते तरी थांबले नायीत.”

सासूबाईंनी पट्टी नसलेला डोळा त्याच्याकडं फिरवला. “व्हय रे?”

त्यानं कप खाली ठेवला. आईकडं बघितलं, शेजारणींकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही.

“गर्दी लई होती, माय,” तो म्हणाला.

“गर्दी आज बी होती,” मी म्हणाले.